सोन्याच्या पाळण्यातील बाळाचे ताट

(व्याख्यानाचे शब्दांकन)

'जालना सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एकेकाळी येथील पेठेने हा लौकिक मिळविला. पुढे बियाण्यांच्या उद्योगाने तो उजळला. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी येथे उभी केली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशाच्या शेतांना बी पुरविणाऱ्या या जिल्ह्यात पाळण्यातील बाळाच्या आणि त्याच्या आईच्या ताटात काय पडते, हा मात्र फारसा विचारला न जाणारा प्रश्न आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे आकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. आधीच्या फेरीत हेच प्रमाण अनुक्रमे ४८ व ५३.८ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात घरोघरी मोबाईल आले, दारापर्यंत डांबरी रस्ता आला, आणि रक्त मात्र पातळ झाले. याला केवळ दारिद्र्य हे एकच उत्तर पुरत नाही. रक्तक्षय सुखवस्तू घरांतही आढळतो.

शरीराला लागणाऱ्या घटकांची ओळख शाळेच्या पुस्तकात सर्वांनाच झालेली असते. पिष्टमय पदार्थ आणि स्निग्ध पदार्थ ऊर्जा देतात. एक ग्रॅम पिष्टातून चार, तर एक ग्रॅम तेल-तुपातून नऊ उष्मांक मिळतात. प्रथिने शरीर बांधतात. जीवनसत्त्वे आणि खनिजे अत्यल्प लागतात, पण त्यांच्यावाचून बाकीचे सारे अडून बसते. हे पाठ असूनही ताटात फरक पडत नाही, कारण पुस्तकातील घटक आणि चुलीवरचे अन्न यांची सांगड कोणी घालून देत नाही. ती लोहाच्या उदाहरणावरून घालता येते.

लोह हा रक्तातील हिमोग्लोबिनचा गाभा. श्वासातून आलेला प्राणवायू पेशीपेशीला पोहोचविण्याचे काम हिमोग्लोबिन करते. लोह कमी पडले की दम लागतो, कामात मन लागत नाही, शाळेतील मुलगी पुस्तक उघडून बसते आणि तिला काही आठवत नाही. घरचे तिला आळशी ठरवितात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला दिवसाकाठी २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे. पुरुषाला १९ पुरते. मासिक पाळीतील रक्तस्राव हे या फरकाचे कारण. घरातील सर्वांत जास्त लोह जिला हवे, ती गृहिणी सर्वांच्या शेवटी, भांड्याच्या तळाशी उरलेल्या भाजीवर जेवते. याला आपण परंपरा म्हणत आलो आहोत. वस्तुतः ही हेळसांड आहे.

जालन्याच्या शेतात लोहाचा तुटवडा नाही. शंभर ग्रॅम बाजरीत साधारण पाच ते सहा मिलिग्रॅम लोह असते, ज्वारीत चार, तर पॉलिश केलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. रेशनच्या तांदळाने भाकरीला हळूहळू ताटाबाहेर केले, त्याची ही किंमत. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर येथील बाजरी संशोधकांनी 'एएचबी १२००' हा किलोमागे सत्तर मिलिग्रॅमहून अधिक लोह असलेला संकरित वाण दिला आहे, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' ही लोह व जस्त अधिक असलेली ज्वारी २०१८ मध्ये प्रसारित केली. बियाण्यांच्या या जिल्ह्यात असे वाण विक्रीपुरते न पेरता घरच्या खाण्यापुरते एखादा एकर तरी पेरले जावेत.

परंतु धान्यातील सारे लोह रक्तात उतरत नाही. तृणधान्यातील फायटेट त्याला धरून ठेवते आणि शाकाहारी जेवणातील लोहापैकी जेमतेम पाच ते आठ टक्केच शोषले जाते. येथे 'क' जीवनसत्त्व कामी येते. ते लोहाचे रूप पालटून आतड्याला घेता येईल असे करते. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी ट्रक भरभरून परगावी जाते. बागेत तोडणी करणाऱ्या बाईच्या मुलाला ती आजारपणातच मिळते. जेवणासोबत मोसंबीच्या चार फोडी, पेरूची अर्धी फाक किंवा वरणावर पिळलेले लिंबू, यांतील काहीही चालते. पेरूत तर मोसंबीच्या कितीतरी पट 'क' जीवनसत्त्व असते. याउलट जेवणावर लगेच घेतलेला चहा लोहाचे शोषण रोखतो. मराठवाड्यात हे सांगणे धाडसाचे आहे, पण चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. मटकी-मुगाला मोड आणले की फायटेट घटते आणि 'क' जीवनसत्त्व वाढते. आंबट भाजी लोखंडी कढईत केली की कढईचेही थोडे लोह अन्नात उतरते. नॉनस्टिक भांड्याने हा लाभ हिरावला.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून भाकरीचा गौरव फार होतो, आणि तो योग्यही आहे. पण केवळ भाकरीवर माणूस निरोगी राहत नाही, हे याच दख्खनच्या पठाराने पाहिलेले आहे. ज्वारी हेच जवळजवळ एकमेव अन्न असलेल्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा हा विकार आढळत असे. उन्हात उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलून निघे, अतिसार होई, पुढे बुद्धिभ्रम. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे लक्ष वेधले. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाले. आहारात विविधता आल्यावर रोग मात्र विरळ झाला. भाकरीसोबत वरण, भाजी, ताक असेल तर ज्वारी अमृत आहे. नुसत्या मीठ-मिरचीबरोबर ती अपुरी आहे. ज्वारी-बाजरीत लायसिन कमी, डाळींत ते भरपूर. डाळीत जे उणे ते धान्य पुरविते. तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण म्हणूनच सांगितले जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या आणि ३०० मिलिलीटर दूध किंवा दही असा हिशेब आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला होणारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि हरभरा, वाल, गाजर, वांगे यांची मिसळीची भाजी हे या हिशेबाचे घरगुती रूप होय. ते वर्षातून एकदाच का व्हावे?

दुसरे उदाहरण सोयाबीनचे. जिल्ह्याच्या खरिपात सोयाबीन डोळे भरून दिसते. त्यात सुमारे चाळीस टक्के प्रथिने, तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट. पण पोते थेट मोंढ्यात जाते आणि त्याच पैशातून घरात बिस्किटांचे पुडे येतात. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो, त्यामुळे ते तसेच दळू नये. वीस-पंचवीस मिनिटे पाण्यात उकळून, उन्हात खडखडीत वाळवून, नऊ किलो गव्हाला एक किलो या मापाने दळून आणावे. पोळीची चव बिघडत नाही.

शाकाहारी कुटुंबांनी 'ब-१२' या जीवनसत्त्वाकडेही पाहावे. ते धान्य-भाजीत नसते, दूध-दह्यातून मिळते. जी कुटुंबे अंडी घेतात त्यांना हा प्रश्न कमी भेडसावतो. शेतात अनवाणी वावरणाऱ्यांना अंकुशकृमी होतो आणि तो खाल्लेले रक्तात टिकू देत नाही. जंतनाशक गोळी आणि शाळेतून मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी मुली पुष्कळदा फेकून देतात, हे पालकांनी विचारून घ्यावे.

सर्वांत कठीण स्थिती ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची आहे. दिवाळी आटोपली की अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातील कोयते साखरपट्ट्याकडे निघतात. गर्भवती स्त्री, तान्हे मूल आणि वर्षाचे होऊ घातलेले लेकरू अंगणवाडीच्या यादीतून सहा महिने निसटते. नेमका हाच काळ त्याच्या मेंदूच्या आणि उंचीच्या वाढीचा असतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत खुंटलेली वाढ पुढे क्वचितच भरून निघते. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान मराठवाड्यातूनच सुरू झाले ते याच जाणिवेने, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत राज्यातील लहान मुलांच्या वाढीत खरोखर सुधारणा दिसली. ते काम अंगणवाडी सेविकेच्या पायपिटीवर उभे होते. टोळी निघण्यापूर्वी गावातील कोणीतरी त्या मातांची नावे, बाळांची वये आणि कोणत्या कारखान्यावर चालल्या हे लिहून घेऊन तेथील अंगणवाडीला कळविले, आणि सोबत भाजलेली नाचणी, मूग व शेंगदाणे यांच्या पिठाची पिशवी दिली, तर फडावरही सहा महिन्यांच्या बाळाला दुधाबरोबर वरचा आहार सुरू होऊ शकतो. पीठ महिनाभर टिकते. दिवसातून दोन वेळा वाटीभर गुळाच्या पाण्यात शिजवून, वर चमचाभर तेल किंवा तूप घालावे लागते.