भिंत कोणी बांधायला लावली?

(शेंदूरजनाघाट येथील नामसप्ताहात झालेल्या कीर्तनावरून)

मायबापहो, आजच्या सेवेला चोखोबारायांचा अभंग घेतला. टाळकऱ्यांनी तो गोड म्हटला, तुम्हीही मागे म्हटला. आता त्याच्या आत शिरायचं आहे, आणि आतली वाट जरा काट्याची आहे. जागे बसा.

चोखोबा म्हणजे कोण परके नव्हेत. आपल्या वऱ्हाडातलं, देऊळगावराजाजवळचं मेहुणराजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. राहायला मंगळवेढ्यास. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळं घर अभंग रचणारं. पण पंढरीच्या देवळात त्या घरातल्या एकालाही पाऊल टाकता आलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखोबा मजुरांसोबत खाली गाडले गेले. नामदेवराय गेले. कथा अशी की ढिगाऱ्यातून जी हाडं विठ्ठलनाम बोलत होती, ती त्यांनी चोखोबांची म्हणून ओळखली, पंढरीस आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली.

ही कथा मी चाळीस वर्षं सांगितली, राजेहो. हाडं बोलतात तिथं आवाज चढवायचा, पखवाज थांबवायचा, बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं. मग नामगजर आणि मोकळं. एका गावी असंच कीर्तन आटोपलं. दर्शनाच्या रांगेत एक म्हातारबुवा आले, पायाला हात लावला अन् हळूच म्हणाले, "महाराज, सगळं सांगतलं, पण ते भिंत कोणी बांधायले लावली थे नाई सांगतलं."

मी गप्प. खरंच, चाळीस वर्षांत मी ते एकदाही सांगितलं नव्हतं. भिंत जशी काय आपसूकच उभी राहिली आणि आपसूकच पडली! वेठीला धरून नेलेला माणूस होता तो. गावाचं रक्षण करणारी भिंत त्याच्याकडून बांधून घेतली, आणि त्याचं घर मात्र त्या भिंतीच्या बाहेर. हे सांगितलं की श्रोता अवघडतो, म्हणून आम्ही कीर्तनकारांनी ते वगळलं. हाडं बोलली ती ऐकली, जिता माणूस काय बोलत होता ते ऐकलं नाही. कर्ममेळ्याचे अभंग तर आम्ही घेतच नाही. तो देवालाच जाब विचारतो. त्यात गोडी नाही म्हणतात.

१३३८ साली समाधी महाद्वारासमोर, आणि त्यांच्या जातीच्या माणसांना आत जायला मिळालं १९४७ साली. सहाशे नऊ वर्षं. ते तरी सुखासुखी का? साने गुरुजी गावोगाव फिरले, पंढरीचं दार उघडा म्हणून हात जोडत. शेवटी १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. दहा दिवस. तेव्हा कुठं होकार आला. आणि तो आल्यावरही, सांगतात, काही कर्मठांनी मूर्तीतलं तेज मंत्रानं काढून घागरीत नेलं, म्हणजे आता कोणीही शिवा, देव त्यात नाही! पाहा म्हणजे. विटेवरचा परमात्मा घागरीत भरायला निघाले.

आता तुम्ही म्हणाल, ते बडवे तसेच होते. थांबा. बडव्यांवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बडवे-उत्पातांचे वंशपरंपरेचे हक्क गेले, तो विषय संपला. पण आपल्या गावच्या विहिरीवर कोण उभं होतं? तिथं तर पंढरपूरचा बडवा आला नव्हता! वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणारे आम्ही माळकरी, वारीत जेवायला बसलो की पंगती वेगळ्या. इरावतीबाई कर्वे वारीला चालल्या, त्यांनी हे पाहून लिहून ठेवलं, आणि त्यांना ते फार लागलं होतं.

आपल्या अमरावतीत काय झालं? अंबादेवीच्या दर्शनासाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच दिवसांत त्यांचे थोरले भाऊ वारल्याची बातमी आली. भाऊ गेला तरी माणूस उभा राहिला, कशासाठी? आईच्या पायाशी जायचा हक्क मागायला. आणि हेही सांगितलं पाहिजे, की त्या कामात पंजाबराव देशमुख होते, पुढे त्यांनी जिल्ह्यातल्या सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. आपल्याच शेंडगावचे गाडगेबाबा पंढरीला जात, झाडू मारत, पण देवळात जात नसत. त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं तिथं धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली. खरा हिशेब मांडला की असे जमेचेही आकडे दिसतात. वही लपवली की तेही लपतात.

काहीजण विचारतात, महाराज, काहून जुनी मढी उकरता? कायदा झाला, घटनेच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता गेली, आता आमचा काय दोष? दोष नसेल हो तुमचा. पण तुम्ही बापाची संत्र्याची बाग घेतली ना? मग सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा निघाला, तर तलाठ्याला काय म्हणाल, झाडं माझी, कर्ज बापाचं? जमत नाही. वारसा घेतला की बोजाही आला. ज्ञानोबा-तुकोबा आमचे म्हणून मिरवायचं, आणि मंगळवेढ्याची भिंत तेवढी दुसऱ्याची!

जर्मनीचे एक प्रधान होऊन गेले, विली ब्रांट. हिटलरच्या राज्यात ते स्वतः देश सोडून पळालेले, त्याच्या विरोधातले. पण १९७० साली पोलंडात वॉर्सा शहरी, मारलेल्या यहुद्यांच्या स्मारकापुढं ते ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसले. त्यांनी कोणाला मारलं होतं? कोणालाच नाही. आपल्या देशाच्या वतीनं टेकले. आणि आपण? जालियनवाला बागेसाठी इंग्रजांनी माफी मागावी म्हणतो. रास्तच म्हणतो. शंभर वर्षांनी, २०१९ साली, त्यांच्या पंतप्रधानांनी खेद म्हटला, माफीचा शब्द काही उच्चारला नाही, तेव्हा आपल्याला राग आला. यावा. पण दुसऱ्याला मोजायचं माप अन् आपल्याला मोजायचं माप एकच ठेवा. दोन मापं ठेवणाऱ्या दुकानदाराला बाजारात काय म्हणतात ते तुम्हाले मी सांगू?

तुम्ही शेंदूरजन्याची माणसं, संत्र्याची जात तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. झाडाला डिंक्या झाला, बुंध्यातून डिंक गळू लागला, तर काय करता? वरून चुना फासता? पांढरं दिसेल दोन महिने, आतून साल सडत जाईल. धारदार चाकूनं सडलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडता, आणि मग बोर्डो मलम लावता. खरवडताना झाडाला लागत नसेल का? पण झाडाचा वैरी म्हणून कोणी खरवडत नाही. ज्याची बाग असते तोच खरवडतो. देशाच्या जुन्या अन्यायाबद्दल बोलणारा देशाचा वैरी, असं जे हल्ली ऐकू येतं ना, ते मला बागेतल्या माणसाचं बोलणं वाटत नाही.

मग माझी साल मीच खरवडतो. कीर्तनात स्वतःचं सांगू नये म्हणतात, पण आज सांगतो.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आमच्या गावी सप्ताहाचा काला होता. पखवाजाच्या पुड्या बदलणारा, वाद्या ओढणारा एक कारागीर होता, हात असा की पखवाज बोलायला लागे. त्याच्या हातची पुडी देवळात, विठ्ठलापुढं. तो पायरीच्या खाली, उन्हात. वडीलधाऱ्यांनी मला सांगितलं, त्याला प्रसाद दे, पण वरून टाक. त्यानं धोतराचा सोगा पसरला. मी वरून टाकला. अर्धा मातीत पडला. त्यानं तो वेचून घेतला आणि माझ्यासारख्या पोराला हात जोडले.

भिंतीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या म्हातारबुवांनी मला हा सोगा आठवून दिला. मी गावी गेलो. कारागीर केव्हाच गेला होता. त्याच्या मुलाच्या ओसरीवर बसलो, तोही साठीच्या पुढचा. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बापानं सांगतलं होतं मले. मरेपर्यंत याद होतं त्याले. तुमाले याद हाय का नाई, तेवढंच पाहाचं होतं."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. त्यानं चहा मागवला, आम्ही प्यालो.

आषाढीला तुमची दिंडी जाईल. नामदेव पायरीला माथा टेकाल, तिथंच चोखोबा आहेत. गर्दी रेटत असते, तरी क्षणभर थांबा. सोबत नातू असेल, तो विचारेल, आजी, हे देवळाच्या बाहेर काहून? तेव्हा त्याला देवाची लीला म्हणून सांगू नका. आत जाऊ देत नव्हते म्हणून सांगा. कोण जाऊ देत नव्हतं, असं तो पुढे विचारेल. तेही सांगा.

घ्या बाबा पखवाज. चोखोबारायांचंच चरण पुन्हा घेऊ, या वेळी सावकाश.

(येथे अभंग व नामगजर झाला.)