बाहुलीचें वस्त्र

बाहुलीला कपडे शिवणें हें मुलींच्या भातुकलींतलें काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि भातुकली मागें पडली कीं तेंही मागें पडावें, असें समजूतदार माणसें धरून चालतात. परंतु जगांत असे कितीतरी प्रौढ स्त्रीपुरुष आहेत, कीं जे बाहुल्या संग्रहासाठीं बाळगतात आणि त्यांचीं वस्त्रें स्वतःच्या हातानें शिवण्यांत सुटीचे दिवस घालवितात. वीतभर उंचीच्या बाहुलीच्या एका पोलक्यासाठीं आठवडा खर्चणारा मनुष्य पाहून हंसूं येणें स्वाभाविक आहे. पण तो आठवडा कशांत जातो हें एकदां नीट पाहिलें म्हणजे हंसूं मावळतें आणि त्याच्या जागीं कुतूहल येतें.

या छंदाचें एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडच्या राजघराण्यांतलें आहे. १८१९ सालीं जन्मलेली व्हिक्टोरिया, पुढें राणी झालेली, राजकन्या असतांना जवळजवळ चौदाव्या वर्षापर्यंत बाहुल्यांत रमत असे. तिचें बालपण कडक देखरेखींत गेलें. बरोबरीच्या मुलांची संगत तिला क्वचितच लाभे. तिच्या संग्रहांत १३२ बाहुल्या होत्या. बाहुल्या मोठ्या मोलाच्या नव्हत्या. तीन ते नऊ इंच उंचीच्या, लांकडी, सांध्यांत हलणाऱ्या, अशा त्या होत्या. मोल होतें तें त्यांच्या अंगावरील कपड्यांना. त्यांपैकीं ३२ बाहुल्या राजकन्येनें स्वतः सजविल्या आणि बाकीच्या तिच्या शिक्षिका बॅरोनेस लेझेन यांनीं. दरबारांतील स्त्रिया, तशाच मारी तालिओनीसारख्या रंगभूमीवरील नामांकित नर्तकी, यांचीं रूपें त्यांना दिलेलीं होतीं. कोणती बाहुली कोणाचें रूप घेऊन उभी आहे आणि तिला कोणीं सजविलें, याची नोंद एका वहींत ठेवलेली होती. १८९४ सालीं फ्रान्सेस लो यांनीं या बाहुल्यांवर पुस्तक लिहिलें, तेव्हां साठ वर्षें लोटलीं होतीं. तरीही प्रत्येकीची ओळख पटविण्यास ती वही उपयोगी पडली. ज्या एकाकी मुलीला जग दुरूनच पाहावयास मिळत होतें, तिनें तें किती बारकाईनें पाहिलें होतें, हें या सुईकामांत दिसतें.

या कामांतली खरी अडचण अशी कीं, माणसाच्या एक षष्ठांश उंचीची बाहुली घडवितां येते, पण एक षष्ठांश जाडीचें कापड कोणी विणून देत नाहीं. धागा तोच राहतो, विणीचा ताठपणाही तोच. आणि वजन मात्र इतकें थोडें होतें कीं घेर खालीं पडतच नाहीं. माणसाच्या अंगावर जो परकर झुळझुळत पायांपर्यंत उतरतो, तोच त्याच कापडाचा बाहुलीला शिवला तर घंटेसारखा फुगून उभा राहतो. म्हणून जाणता कारागीर दुकानांत गेला कीं आधीं कापडाचा रंग पाहत नाहीं. तें मुठींत धरून सोडतो आणि कसें पडतें तें पाहतो. जुन्या धोतराची मलमल, अनेकदां धुऊन मऊ झालेली वायल, आजीच्या लुगड्याचें विरलेलें पण न फाटलेलें रेशीम, हीं या कामीं नव्या कापडाहून सरस ठरतात. नक्षीचेंही तसेंच आहे. कापडावरचें इंचभर फूल बाहुलीच्या छातीवर बशीएवढें दिसूं लागतें.

बेतण्याची रीत सोपी आहे, पण धीर मागते. बाहुलीच्या अंगाला पातळ कागद घट्ट गुंडाळून तो चिकटपट्टीनें पक्का करावयाचा, जेथें जेथें शिवण यावयाची तेथें पेन्सिलीनें रेघा ओढावयाच्या, आणि त्या रेघांवर कापून कागद सपाट पसरावयाचा. हाच त्या बाहुलीचा नमुना. कापड कापतांना कडेनें सुमारें एक अष्टमांश इंच माया सोडावी. अधिक सोडली तर शिवणीच्या आंत गोळा होतो, कमी सोडली तर धागे निसटतात. म्हणून कडांना कापडाचा पातळ डिंक आधींच हलक्या हातानें लावून ठेवतात. बाही अंगाला जोडावयाची ती कापड सपाट असतांनाच. बगलेची शिवण मागाहून घालावी, कारण एवढ्या लहान मुंड्यांत बोट शिरत नाहीं. पाठ पूर्ण उघडी ठेवून तिला बारीक टिचबटणें लावलीं, तर वस्त्र डोक्यावरून ओढावें लागत नाहीं. बाही चढवितांना बाहुलीच्या हाताला गुळगुळीत कागदाची पुंगळी घातली म्हणजे बोटें अडकत नाहींत.

एवढा खटाटोप विरंगुळ्यापलीकडे कशास उपयोगी पडेल, या प्रश्नाला पॅरिस शहरानें एकदां उत्तर दिलें आहे. १९४४ च्या ऑगस्टमध्यें तें शहर जर्मनांच्या ताब्यांतून सुटलें; पण कापड नव्हतें, कोळसा नव्हता, आणि ज्या शिवणकलेवर तेथील हजारो हातांचें पोट चालत होतें, ती जिवंत आहे कीं नाहीं अशी जगाला शंका होती. तेव्हां तेथील नामवंत शिवणगृहांनीं सुमारें सत्तावीस इंच उंचीच्या, तारेच्या बाहुल्यांना आपले नवे पेहराव चढविले. २८ मार्च १९४५ रोजीं लूव्ह्र राजवाड्याच्या एका भागांत हें प्रदर्शन उघडलें. युरोपांतलें युद्ध तेव्हां संपलेंही नव्हतें. माणसाला शिवावयाचें तर पुरें न पडणारें कापड बाहुलीला पुरलें. पण कारागिरीत काटकसर केली नाहीं: गुंड्या खऱ्या, काजें हातानें घातलेलीं, पायांतले जोडे आणि हातांतल्या पिशव्याही त्याच मापाच्या. हें प्रदर्शन युरोपांत फिरलें आणि १९४६ सालीं अमेरिकेला गेलें. १९५२ पासून त्या बाहुल्या अमेरिकेंत वॉशिंग्टन राज्यांतील मेरीहिल संग्रहालयांत आहेत. त्या काळचें पॅरिस कसें शिवत होतें, हें त्या आजही दाखवितात.

यांतूनच संग्राहकाचा पहिला नियम निघतो: जुन्या बाहुलीचें मूळ वस्त्र, फाटकें असलें तरी, टाकूं नये. तें काढून, पांढऱ्या सुती कापडांत सैल गुंडाळून, त्याच बाहुलीजवळ ठेवावें आणि तिला नवें शिवावें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें पुष्कळसें रेशीम वजन वाढविण्यासाठीं धातूच्या क्षारांत भिजविलेलें असे. तें घडीवरच चिरत जातें, आणि त्याला पाणी लावणें म्हणजे त्याचा शेवट करणें होय. पोलादी टांचण्या गंजतात, लोंकरीला कसर लागते. व्हायनलच्या बाहुलीला काळें किंवा गर्द तांबडें कापड थेट अंगावर घातलें तर रंग तिच्या अंगांत उतरतो आणि मग निघत नाहीं. त्याखालीं पांढरें अस्तर घालणें हाच उपाय.

आपल्याकडे व्यंगचित्रकार शंकर यांनीं १९६५ सालीं दिल्लींत बाहुल्यांचें संग्रहालय उभारलें आणि भारतांतील निरनिराळ्या प्रांतांचे पेहराव ल्यालेल्या बाहुल्या तेथें मांडल्या. हेंच काम मराठी घरांतही होऊं शकतें. साडेअकरा इंची बाहुलीला नऊवारी लुगडें नेसवावयाचें म्हटलें, तर हिशेबानें तें दीड वार लांब आणि सुमारें साडेसात इंच रुंद व्हावें. पण तेवढें कापड कमरेशीं आलें कीं बाहुली गोणीसारखी दिसते. म्हणून लांबी कमी करावी लागते. आणि ती कोठून कमी करावी हें ठरवितांना निऱ्या किती, कासोटा कसा वर जातो, पदर कोठून सुटतो, हें सारें पुन्हा शिकावें लागतें. खणाची पुढें गाठ मारावयाची चोळी शिवावयास घेतली म्हणजे तर घरांतल्या वृद्धेलाच विचारावें लागतें. रोजच्या वापरांत हीं वस्त्रें आतां विरळ झालीं आहेत. तीं बेतण्याची आणि नेसण्याची माहिती पुस्तकांपेक्षां अशा वृद्ध हातांत अधिक आहे, आणि ते हात फार दिवस पुरणारे नाहींत.

तेव्हां ज्या घरांत आजीच्या लुगड्याचा तुकडा ट्रंकेच्या तळाशीं पडून आहे, त्या घरीं एखादी बाहुली खुशाल सजवावी. काम झालें म्हणजे एका चिठ्ठीवर कापड कोणाच्या लुगड्याचें, नेसण कोठली, शिवलें कोणीं आणि कोणत्या सालीं, एवढें शाईनें लिहून ती चिठ्ठी बाहुलीबरोबर ठेवावी. वस्त्र पाहणारा पुढचा मनुष्य पहिल्यानें हेंच विचारील, आणि तेव्हां सांगणारें कोणी असेलच असें नाहीं.