दिवेलागणीचा तास

(हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे ३,००० वस्तीचे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज सायंकाळी ७ वाजता मंदिरातून भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे मोबाइल आणि दूरचित्रवाणी संच बंद व्हावेत, मुलांनी अभ्यासाला बसावे, मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे, आणि ८.३० वाजता पुन्हा भोंगा झाल्यावर ज्याने त्याने आपापल्या उद्योगाला लागावे, असे गावाने ठरविले. करोनाच्या काळात अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती दिलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना आणि वाचन-लेखनाचा कंटाळा वाढत चालला, हे शिक्षकांच्या ध्यानात आले होते. प्रारंभी काहींनी या कल्पनेची थट्टाही केली. परंतु आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजावीत राहिले, आणि गाव त्या दीड तासाला सरावले.

या प्रयोगाची वर्तमानपत्रांतून पुष्कळ वाखाणणी झाली; मात्र गावाने निवडलेल्या वेळेकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ही वेळ दिवेलागणीची आहे. देवापाशी दिवा लावून शुभंकरोती म्हणण्याची, पाढे, पावकी, निमकी यांचा परवचा घोकण्याची, आणि मग स्वयंपाक होईतो आईच्या आसपास रेंगाळण्याची. परवचा कधीच मागे पडला, आणि त्याचा दोष मोबाइलवर टाकण्यात अर्थ नाही. तो गेला तेव्हा मोबाइल जन्मालाही आला नव्हता. रेंगाळणे मात्र परवापर्यंत टिकून होते.

बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळेच्या दृष्टीने या रेंगाळण्याचे मोल फार मोठे आहे. येथील मूल रस्त्यावर प्रांताची भाषा ऐकते, दुकानाच्या पाटीवर इंग्रजी वाचते. मराठी त्याला दोनच ठिकाणी भेटते: शाळेत आणि घरात. शाळा व्याकरण शिकविते, निबंध लिहून घेते. पण पाणी कढत, ऊन आणि कोमट असे तीन तऱ्हांचे असते, भाजी अळणी झाली म्हणजे नेमके काय झाले, मावसभाऊ आणि आतेभाऊ यांत फरक कोणता, हे वर्गात शिकविण्याचे विषय नव्हेत. ते ओट्यापाशी, भाजी निवडताना, कोणी शिकवीत नसतानाच कळते. साठ वर्षे ही शाळा ज्या मराठीच्या बळावर उभी राहिली, तिचा अर्धा भार घरातील या निरुद्देश बोलण्याने वाहिला आहे. मोबाइलने नेमके तेच बोलणे उचलून नेले. आई एका पडद्यापाशी, वडील दुसऱ्या, मूल तिसऱ्या. घरात भांडण नाही, अबोला नाही, तरी कोणी बोलत नाही. आणि त्या पडद्यावरून मुलाच्या कानी पडते ती भाषा बहुधा मराठी नसते.

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ते ३१ जुलै १९९५ रोजी. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीतील दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर कित्येक वर्षे आलेल्या फोनचेही पैसे पडत, म्हणून लोक दोन वाक्यांत निरोप सांगून फोन ठेवीत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट जवळजवळ फुकटच्या भावाने मिळू लागले, आणि खिशाचा हा लगाम एकाएकी सुटला. दुसरा लगाम त्याआधीच सुटला होता. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. ते आले की माणूस उठतो. आझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने २००६ मध्ये कितीही सरकविले तरी न संपणाऱ्या पानाची रचना केली. पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला, आणि तो त्याने जाहीरपणे बोलूनही दाखविला. त्यातून पुढच्या खेपेला काय दिसेल याचा नेम नाही. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत, दाणा कधी मिळेल याचा भरवसा नसलेली कबुतरे कळीवर चोच मारीतच राहत. जेवताना फोनकडे वळणारा अंगठा त्याहून फारसा निराळा नाही. मुलाला निश्चय नाही, वळण नाही, असे म्हणण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की त्याच्या समोर निष्णात अभियंते बसले आहेत.

तरीही ‘व्यसन’ हा शब्द जपून वापरलेला बरा. संस्कृतात त्याचा एक अर्थ संकट असाही आहे, आणि काही घरांत ते खरोखर तसेच येते. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात डिजिटल खेळांच्या अनावर नादाला विकार म्हणून स्थान दिले आहे; सरसकट मोबाइलवापराला नाही. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून ‘शट’ नावाचे खास चिकित्सालय चालते. झोप, अभ्यास, मित्र सारे सुटले आहे आणि फोन काढून घेताच मूल हिंसक होते, अशा वेळी घरच्या शिस्तीने भागत नाही; तज्ज्ञांकडेच जावे लागते. बहुतेक घरांची अवस्था मात्र इतकी टोकाची नाही. तेथे आजार नाही, पांगापांग आहे.

फोन फेकून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात अभ्यासासाठी स्मार्टफोन वापरल्याचे सांगितले, समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के होते. दुसरा आकडा मोठा आहे म्हणून पहिला पुसता येत नाही. आणि देशोदेशी पांगलेले माजी विद्यार्थी एकमेकांना सापडतात तेही याच यंत्रामुळे.

मोहित्यांच्या वडगावची खरी शिकवण भोंग्यात नाही. तेथे तो मोठ्यांसाठीही वाजतो, यात आहे. वडिलांनी हातातील फोनवरून दृष्टी न काढता “फोन ठेव” म्हटले, तर मूल शब्द ऐकत नाही, हात पाहते. कार्यालयाचा निरोप येईल ही सबब खरी असेलही. पण मुलालाही त्याच्या वर्गाच्या गटावरून गृहपाठाचा निरोप यायचा असतो.

शहरातील सदनिकांत भोंगा वाजणार नाही, ग्रामसभाही भरणार नाही. तेथे प्रत्येक घराला आपला दीड तास स्वतःच ठरवावा लागेल, आणि पहिल्या आठवड्यात तो फार लांब वाटेल. काय बोलावे हेही सुचणार नाही. फोन ठेवायला दाराजवळची एखादी फळी पुरेल. तेवढ्यात गावाहून आजीचा फोन आलाच, तर तो जरूर घ्यावा. फक्त त्याचा आवाज मोठा करून मध्ये ठेवावा, म्हणजे तिचे बोलणे सगळ्यांच्याच कानी पडेल.