लाळेचे अस्तर आणि प्रथिनांची चूळ

दात घासल्यानंतर काही क्षणांतच लाळेतील प्रथिने इनॅमलला, म्हणजे दातावरील कठीण कवचाला, चिकटू लागतात आणि त्यांचा जो अतिशय पातळ थर जमतो त्याला दंतवैद्यकात पेलिकल म्हणतात. कीट ही जिवाणूंची वसाहत असते व ती या थरावर नंतर बसते. पेलिकल मात्र लाळेनेच विणलेले असून त्यातील स्टॅथेरिन हे प्रथिन कॅल्शियमला धरून ठेवते, तर म्युसिन हे बुळबुळीत प्रथिन ओलावा राखून दातांची परस्परांवरील झीज कमी करते.

विदर्भातील वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात या थराचे काम चांगले समजते. इनॅमलचा वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो आणि तोंडातील सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ते खनिज विरघळू लागते. संत्र्याच्या रसाचा सामू ३ ते ४ च्या दरम्यान असतो, शिवाय त्यातील सायट्रिक आम्ल कॅल्शियमला स्वतःकडे ओढते. पेलिकल आम्लाची वाट पूर्ण अडवत नाही, पण त्याचा वेग मंद करते. वरच्या पुढील दातांच्या टाळूकडील बाजूस हा थर सर्वांत पातळ असतो, आणि आम्लाने होणारी झीज तेथेच ठळक दिसते, हा योगायोग नव्हे.

मग हा थर बाहेरून बळकट करता येईल काय, या प्रश्नातून प्रथिनांच्या चुळीची कल्पना निघाली. दुधातील केसिन आणि म्युसिन एकत्र वापरल्यास पेलिकलचे संरक्षण वाढते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ब्राझीलमध्ये साओ पाउलो विद्यापीठाच्या बाउरू येथील संशोधकांनी उसापासून मिळालेल्या सिस्टॅटिन जातीच्या प्रथिनावर काम केले. ते इनॅमलला घट्ट चिकटते आणि आम्लापूर्वी वापरले असता खनिजाची हानी घटवते. मेलबर्नमध्ये विकसित झालेले केसिन-फॉस्फोपेप्टाइड मात्र वेगळे आहे, कारण त्याचा मुख्य हेतू दाताला कॅल्शियम व फॉस्फेट पुरवण्याचा आहे. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे. या चुळींचा पुरावा अजून बहुतांशी प्रयोगशाळेतील आणि स्वयंसेवकांवरील अल्पकालीन अभ्यासांचा आहे, हे जाहिरातींच्या काळात विसरता कामा नये.

निरोगी लाळ असलेल्या संत्रे खाणाऱ्याला अशा चुळीची गरज नाही. फळ खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि मऊ पडलेल्या इनॅमलवर लगेच ब्रश किंवा मंजन चालवू नये, एवढे पुरते.

खरी गरज वेगळ्या रुग्णांची आहे. खर्ऱ्याने, म्हणजे तंबाखू, सुपारी व चुन्याच्या घोटलेल्या मिश्रणाने, विदर्भात तोंडाच्या कर्करोगाला मोठा हातभार लावला असून जबड्यावर किरणोपचार झाल्यावर लाळग्रंथी निकामी होतात, लाळ आटते आणि दात झपाट्याने किडतात, कारण पेलिकल विणणारे सूतच तुटलेले असते. या रुग्णांसाठी फ्लोराइड हाच आजही मुख्य आधार आहे आणि प्रथिनांची चूळ त्याला पर्याय ठरत नाही. परंतु तिची कसोटी लागायची असेल तर ती अशाच तोंडांत लागली पाहिजे, आणि त्यासाठी अमरावती-अकोल्याच्या दंतवैद्यांनी व कर्करोगतज्ज्ञांनी एकत्र यावे. तोवर किरणोपचार सुरू होण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाची दंततपासणी व्हावी.