गल्लीच्या उद्योगाचें मोजमाप



आपल्या गल्लीनें किंवा वसाहतीनें एखादें लोकोपयोगी काम हातीं घेतलें, म्हणजे पहिलें वर्ष उत्साहांत जातें. उद्‌घाटन होतें, फलक लागतो, वर्तमानपत्रांत चार ओळी येतात. परंतु तें काम खरोखर साधलें कीं नाहीं, हें ठरवावयाचें कसें? असा प्रश्न विचारणारा बहुधा विघ्नसंतोषी ठरतो. तो दोष पत्करून आज हाच प्रश्न मी आपणांपुढें मांडणार आहें. उदाहरण घेतों तें आपल्या घरच्या रोजच्या कचऱ्याचें.

मुंबईंत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनीं गेल्या शतकाच्या अखेरीस आपली गल्ली आपणच स्वच्छ ठेवण्याचें मनावर घेतलें. १९९७ सालीं महानगरपालिकेनें ही कल्पना शहरभर नेली आणि तिला ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ असें भारदस्त नांव दिलें. योजना साधी होती. ओला कचरा निराळा ठेवावा व त्याचें जागच्या जागीं खत करावें. सुका कचरा वेचणाऱ्यांच्या हातीं द्यावा. ठिकठिकाणीं रहिवाशांच्या समित्या निघाल्या. त्यांतील कांहीं टिकल्या, पुष्कळ मंदावल्या. मग योजना सफल म्हणावी कीं विफल? समित्यांची संख्या सांगून याचें उत्तर मिळत नाहीं. समिति कागदावर जन्मते आणि पुष्कळदां कागदावरच दीर्घायुषी होते.

तेव्हां पहिलें माप वजनाचें. ‘आम्हीं इतकें खत काढलें,’ असें गल्ल्या अभिमानानें सांगतात. पण ओल्या कचऱ्यांत निम्म्याहून अधिक पाणीच असतें. खड्ड्यांत तो तापतो, वाफ निघून जाते, कर्बाचा बराच भाग वायुरूपानें उडून जातो, आणि मूळ वजनाचा लहानसा अंश तेवढा खत म्हणून हातीं येतो. म्हणून मोजावयाचें तें महापालिकेच्या गाडींत काय चढलें तें. आणि तेंहि काम सुरू होण्यापूर्वींपासून. ज्यानें आरंभीं वजन केलें नाहीं, त्यानें शेवटीं कितीहि सूक्ष्म तराजू आणला, तरी तो तुलना कशाशीं करणार? शिवाय एका दिवसाचें वजन फसवें असतें. मे महिन्यांत आंब्याच्या सालीकोयींनीं डबे ओसंडतात, पावसाळ्यांत कचरा भिजून जड होतो, दिवाळीपूर्वीं माळ्यावरची अडगळ खालीं येते. यास्तव प्रत्येक ऋतूंत एक आठवडा वजन करावें, आणि योजना नसलेल्या शेजारच्या गल्लीचेंहि त्याच आठवड्यांत करावें. दोन्हींकडे सारखीच घट दिसली, तर श्रेय योजनेचें नव्हे, बहुधा शाळांच्या सुटीचें असेल!

दुसरें माप हें कीं, कमी झालेला कचरा गेला कोठें? गाडी हलकी झाली आणि कोपऱ्यावरच्या नाल्याकांठीं ढीग वाढला, तर गल्लीनें कांहीं साधलें नाहीं. आपलें ओझें शेजाऱ्याच्या दारांत नेऊन ठेवलें एवढेंच.

तिसरें माप श्रमाचें. घरोघर वर्गीकरण होतें, असें अहवाल सांगतो. प्रत्यक्षांत सकाळीं एखादी झाडूवाली बाई डबा उलथा करून उघड्या हातांनीं ओलें-सुकें निवडीत असते. हें मी केवळ दुसऱ्यांच्या दोषाविषयीं बोलत नाहीं. आमच्या इमारतींतहि कित्येक महिने हेंच चाललें होतें, आणि आम्ही सभासद एकमेकांचें अभिनंदन करीत होतों.

चौथें माप काळाचें. बहुतेक ठिकाणीं हा सारा व्याप एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या किंवा उत्साही बाईंच्या खांद्यावर असतो. ते चार दिवस गांवाला गेले कीं ढिगांत वाळका पालापाचोळा कोणी घालीत नाहीं, तो वरखालीं कोणी करीत नाहीं. हवा पोंचत नाहीं, आणि कचरा कुजण्याऐवजीं सडूं लागतो. मग तळमजल्यावरून तक्रार येते व खड्डा बुजविला जातो. योजनेची खरी परीक्षा प्रवर्तकांच्या गैरहजेरींत होते, ती अशी.

इतकें कडक मोजमाप कशासाठीं, असें कोणी म्हणेल. त्याचें कारण, खोट्या यशाची किंमत ती गल्ली भरीत नाहीं. देवनारची कचराभूमि १९२७ पासूनची. २०१६ च्या जानेवारींत ती पेटली, आणि धुरानें भोवतालच्या वस्त्यांचा श्वास कोंडला. ओला कचरा ढिगाच्या पोटांत हवेवांचून सडला, म्हणजे त्यांतून मिथेन हा ज्वालाग्राही वायु निघतो. अशा आगींना तो पोसतो. आपल्या ओट्यावरून गेलेली भाजीची साल अशा रीतीनें दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या छातींत धूर होऊन शिरते. ‘आम्हीं कचरा कमी केला’ हें वाक्य खरें आहे कीं नाहीं, याच्याशीं त्या मुलाचा आपल्याहून अधिक संबंध आहे.

म्हणून समितीच्या पुढल्या सभेला हारतुऱ्यांच्या आधीं एक साधा तराजू आणावा, अशी माझी विनंति आहे. आंकडा लहान निघाला तरी संकोच नको. तो खरा असला, म्हणजे पुढल्या वर्षीं आपल्याला आपल्याशींच तुलना करतां येईल.