मिरचीचे लोणचे आणि घरचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मांडवात कापसाच्या भावाची चर्चा चालली आहे. ती चाललीच पाहिजे. मध्येच आम्ही मिरचीच्या लोणच्यावर बोलायला उभे राहिलो, हे काहींना चमत्कारिक वाटेल. शेतीची पदवी घेतलेली, चळवळीत पडलेली माणसे, आणि बोलतात काय, तर लोणचे! पण ज्या घरातून रोख पैसा बाहेर जातो, त्या घराचा हिशेब स्वयंपाकघरापर्यंत नेल्याशिवाय पुरा होत नाही.

ज्वारीची भाकरी आपल्या रानातली. भाकरीबरोबरचे तोंडीलावणे मात्र दुकानातून येऊ लागले आहे. खरिपाच्या मिरचीचे तोडे एकदम सुरू झाले, की बाजारात पोत्यांची रांग लागते. तोडलेली हिरवी मिरची थांबत नाही, म्हणून शेतकरी पडेल त्या भावाने ती देऊन मोकळा होतो. परत येताना तोच शेतकरी किराणा दुकानातून लोणच्याची पुडी घेतो. मिरचीही त्याची आणि पुडीचे पैसेही त्याचेच.

हिशेब मांडू या. आकडे समजा म्हणून धरलेले आहेत, तुम्ही आपल्या बाजाराचे भाव घाला. किलोभर हिरवी मिरची 20 रुपये, तेल 45, लिंबे 30, मोहरीची डाळ 20, हळद-मेथी-हिंग 15, मीठ 5. झाले 135 रुपये. आता मजुरी. कृषिमूल्य आयोगसुद्धा ‘ए-2 अधिक एफ.एल.’ काढताना घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत धरतो. मग चुलीपाशी बसलेल्या बाईचे श्रम फुकट कसे धरायचे? पाच किलो मिरचीला अर्धा दिवस, दीडशे रुपये धरा. किलोमागे 30 आले. एकूण 165 रुपयांत पावणेदोन किलोच्या आसपास लोणचे होते, म्हणजे किलोला साधारण 94 रुपये पडले. आता दुकानातल्या पुडीवरचे ग्रॅम आणि रुपये वाचा आणि तिचा किलोचा भाव काढा. पुडी जितकी लहान, तितका किलोचा भाव मोठा, हे तुम्हालाच दिसेल. बांधावर लिंबाचे झाड असेल आणि घाण्यावरून घरच्या करडईचे किंवा भुईमुगाचे तेल येत असेल, तर रोख खर्च आणखी कमी. मात्र सगळेच विकत आणायचे असेल, तर बचत थोडी होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

बाटली घट्ट लावली म्हणजे झाले?

पैशाइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे, आणि आम्ही खरे तर तिच्यासाठी उभे आहोत. हल्ली पुष्कळ घरांत जुन्या काचेच्या बाटल्या उकळून, त्यांत मिरच्या भरून, गरम असतानाच झाकण घट्ट लावतात. बाटली हवाबंद झाली, आता काही बिघडत नाही, अशी समजूत असते. ही समजूत घातक आहे.

मातीत एक जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. त्याचे बीजाणू पाणी उकळते त्या 100 अंशांवर मरत नाहीत. त्यांना मारायला दाबाखाली 121 अंश लागतात. हवा असेल तिथे हा जंतू वाढत नाही. हवा काढली, झाकण घट्ट लावले, वर तेल ओतले, की त्याचे फावते. तो अन्नात जे विष तयार करतो, त्याला पुष्कळदा वास नसतो, चवही नसते. खाणाऱ्याला दोन-दोन दिसू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, पुढे श्वास अडतो. असे दिसले तर घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णाला मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.

या जंतूला दोन गोष्टी रोखतात: आंबटपणा आणि मीठ. आम्लता मोजण्याचे माप आहे सामू. सामू जितका कमी, तितका पदार्थ आंबट. सामू 4.6 च्या खाली असला, की हा जंतू वाढत नाही. हिरव्या मिरचीचा सामू याच्या वर असतो, लिंबाच्या रसाचा दोन-अडीचच्या घरात. आपल्या आज्यांना सामू ठाऊक नव्हता, पण लोणच्यात मीठ आणि लिंबू सढळ हाताने घालायचे, हे ठाऊक होते. आज ‘मीठ कमी, लिंबू कमी, तेल जास्त’ असे लोणचे घालून ते महिनोन्महिने ठेवणे धोक्याचे आहे. मीठ कमी खायचे असेल तर लोणचे कमी वाढा, बरणीतले मीठ कमी करू नका.

प्रमाण आणि कृती

एक किलो मिरचीला 200 ग्रॅम मीठ, पाव लिटर लिंबाचा रस, 100 ग्रॅम मोहरीची डाळ, 25 ग्रॅम हळद, 25 ग्रॅम मेथी, चमचाभर हिंग, पाव लिटर तेल. मिरच्या धुवाव्या, फडक्यावर पसरून पूर्ण कोरड्या कराव्या, मगच देठ काढून चिराव्या. आमच्या घरी एका वर्षी घाईत ओलसर मिरच्या भरल्या आणि पंधरा दिवसांत बरणीवर बुरशी आली. पाच किलो मिरची उकिरड्यावर गेली. मीठ, हळद आणि लिंबाचा रस मिरचीला आधी चोळावा आणि एक दिवस मुरू द्यावा. दुसऱ्या दिवशी भाजून कुटलेली मेथी, मोहरीची डाळ आणि हिंग घालावे. तेल तापवून पूर्ण थंड करावे आणि मिरची बुडेल असे वर ओतावे. बरणी काचेची किंवा चिनी मातीची असावी. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम नको; आंबट आणि मीठ त्यांना खाते.

व्हिनेगरमधली मिरची करायची असेल, तर बाटलीवर आम्लता चार ते पाच टक्के लिहिलेले व्हिनेगर घ्यावे आणि त्यात पाणी मिसळू नये. पाणी मिसळून केलेली बचत ही बचत नव्हे.

कोणती मिरची आणि कोणती बरणी

आपण कापूस पिकवणारे लोक. मिरचीच्या चार ओळी बहुधा पऱ्हाटीच्या कडेलाच असतात. कापसावर फवारा मारला, की तो मिरचीवरही पडतो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला 2005 साली बंदी आली. ते झाडाच्या अंगात भिनते. असे भिनलेले विष धुऊन जात नाही आणि लोणच्यात मुरूनही जात नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते दुःख आपण विसरलेलो नाही. तेव्हा घरच्या लोणच्याची मिरची परसात लावा, कापसापासून दूर. औषधाच्या डब्यावर पीक आणि तोडणीपूर्वी थांबायचे दिवस लिहिलेले असतात, ते वाचूनच तोडा करा.

आणि औषधाचा रिकामा डबा कितीही घासला, राखेने घासला, उन्हात वाळवला, तरी त्यात लोणचे, तेल, मीठ काहीही ठेवू नका. तो डबा भोके पाडून निकामी करा.

शेवटचे

लोणच्याने कर्ज फिटणार नाही. ‘शेतकऱ्याने घरी लोणची घालावी, म्हणजे त्याची गरिबी जाईल,’ असे कोणी सांगू लागले, तर त्याला या मांडवातच उत्तर द्या. गरिबी भावाने आली आहे, ती भावानेच जाईल. पण ज्या दिवशी बाजार आपली मिरची मातीमोल करतो, त्या दिवशी सगळीच त्याच्या पायाशी ओतायची, का वर्षाची दहा किलो घरात राखायची, हे ठरवणे आपल्या हातात आहे. जास्तीचे करून विकायचे असेल, तर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करा, आणि किंमत ठरवताना बाईची मजुरी पहिल्या ओळीत लिहा.

घरी गेल्यावर दोनच कामे करा. पुडीचा किलोचा भाव काढून वहीत लिहा, आणि फडताळातला औषधाचा जुना डबा असेल तर तो बाहेर काढा.