वऱ्हाडांतील वसंतविहार



वसंत म्हटला कीं आंब्याचा मोहोर, कोकिळेचा स्वर आणि दक्षिणेचा मंद वारा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. संस्कृत कवींनीं हें चित्र आपल्या मनावर इतकें ठसविलें आहे कीं, आपल्या वऱ्हाडचा वसंत त्याहून निराळा आहे याचें आपणांस विस्मरण होतें. आमचा वसंत कोरडा. फाल्गुनांत सातपुड्याच्या उतरणीवरील सागाचीं पानें गळून पडतात, नाले आटतात, आणि अशा उघड्या वनांत पळस, सांवर व पांगारा पेटल्यासारखे फुलतात. हें वाळवंट नव्हे; पण ऊन आणि तहान या दोन बाबतींत चैत्रांतील मेळघाट वाळवंटाच्या फारसा मागें राहत नाहीं.

याच दिवसांत अमरावती-अकोल्याची मंडळी चिखलदरा, गाविलगड, नरनाळा येथें सहलीस निघतात. त्यांनीं अवश्य निघावें. शिक्षकीच्या काळांत मुलांच्या अनेक तुकड्या घेऊन मी या डोंगरांत हिंडलों आहें, आणि त्या अनुभवावरून एकच गोष्ट सांगतों. वसंतांत वनांत जाणाऱ्यानें पाणी आणि विस्तव या दोहोंचा हिशेब चोख ठेवावा. पाणी घरून भरपूर न्यावें. विस्तव मुळींच नेऊं नये.

प्रथम पाण्याचें पाहूं. अकोल्याचें मैदान समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटर उंच आहे, तर चिखलदऱ्याचें पठार सुमारें १,१०० मीटर. त्यामुळें वरची हवा चार-पांच अंशांनीं तरी थंड असते, आणि तेथेंच मनुष्य फसतो. वाऱ्यानें घाम अंगावरच वाळतो, तहान लागल्याचें ध्यानांत येत नाहीं, आणि ऊन आपलें काम करीत राहतें. दुसरी अडचण वाटेची. एरवीं डोंगरी किल्ल्याचा चढ आधीं येतो व उतार मागून. पठारावरून दरींत उतरणाराचें याच्या उलट होतें. सकाळच्या गारव्यांत पाय सहज खालीं जातात, आणि चढ नशिबीं येतो तो भर दुपारीं. म्हणून उतरण्यास जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढण्यास धरावा, आणि ऊन तापण्यापूर्वीं वर परत यावें. दिवसभर हिंडावयाचें असेल तर माणशीं चार लिटर पाणी घ्यावें, आणि त्यांतील निम्में संपतांच पाऊल परत वळवावें.

उन्हाळ्यांत खिशांत कांदा बाळगण्याची आपल्याकडे चाल आहे. ती खुशाल पाळावी. पण कांद्याच्या भरंवशावर पाणी घरीं ठेवूं नये! कोणाला घेरी आली, अंग तापलें, बोलणें असंबद्ध झालें, तर त्यास सावलींत निजवावें, कपडे सैल करावे, ओल्या फडक्यानें अंग पुसून वारा घालावा आणि तांतडीनें दवाखान्यांत न्यावें. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडांत पाणी ओतूं नये.

वनांतील उरलेसुरले डोह आणि वनखात्यानें बांधलेले पाणवठे हे आपले नव्हेत. गवा, सांबर, अस्वल यांचा जीव या ऋतूंत त्यांवरच तगलेला असतो. पाणवठ्याशीं आपण पंगत मांडून बसलों कीं दूर झाडींत एखादा कळप तहानलेला ताटकळतो. तेथें साबण लावणें, भांडीं घासणें तर सर्वस्वीं वर्ज्य. तसेंच मोहाचीं फुलें पडूं लागलीं कीं अस्वलें पहांटेच्या व सायंकाळच्या वेळीं त्या झाडांखालीं येतात. तेव्हां त्या वेळीं तेथें रेंगाळूं नये.

१५ डिसेंबर १८०३ रोजीं इंग्रजी फौजेनें गाविलगड घेतला. आज अशा जुन्या तटांवर आणि कड्यांवर पहारा असतो तो आग्या मोहळांचा. धूर, गोंगाट आणि उग्र अत्तर यांनीं त्या माशा खवळतात. दगड मारणारा एक असतो आणि दंश सगळ्या मंडळीला होतो. माशा उठल्याच तर हात न झाडतां तोंड झांकून दूर निघून जावें.

आतां विस्तवाचें. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या हिशेबीं वणव्याचा हंगाम. त्याआधीं जाळरेषा काढून ठेवतात. पण वाळक्या सागपानांच्या थरावर पडलेलें विडीचें एक थोटूक सर्व श्रम फुकट घालविण्यास पुरतें. राखीव वनांत आग लावणें हा १९२७ च्या वन अधिनियमाप्रमाणें गुन्हा आहे. वणवा बहुधा जमिनीसरसा सरपटतो; मोठे वृक्ष वांचतात, आणि म्हणून पाहणारास वाटतें, फारसें कांहीं गेलें नाहीं. गेलेलें असतें तें खालचें: रोपें, गवत, आणि रातवा व टिटवी यांसारख्या पक्ष्यांनीं उघड्या जमिनीवर घातलेलीं अंडीं. आणि मोह, चारोळी व तेंदूपान यांवर ज्या कोरकू कुटुंबांचा कांहीं महिन्यांचा मीठमिरचीचा खर्च चालतो, त्यांची कमाईहि त्याबरोबर जाते.

मोहाचीं फुलें वेंचतां यावींत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि त्यांतून वणवे पसरतात, ही गोष्ट खरी आहे. पाला झाडून घेणें हा त्यास चांगला उपाय, आणि तो गांवोगांव रुजला पाहिजे. पण गांवकऱ्याच्या हातांतील विस्तवामागें पोटाची गरज असते. आपल्या हातांतील विस्तव निव्वळ हौसेचा. त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपण आपली आगपेटी घरीं ठेवावी, हें न्यायाचें होईल. दशमी, चटणी आणि ताक बरोबर नेल्यास चुलीवांचून सहलींत कांहीं उणें पडत नाहीं.

१९७३-७४ सालीं देशांतील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटची गणना झाली. तेथील फाटकावर जें नियम सांगतात ते पाळावे, प्लास्टिकच्या बाटल्या व कागद मोजून न्यावे आणि मोजून परत आणावे. रंगपंचमीच्या रंगासाठीं पळसाचीं फुलें हवीं असल्यास खालीं पडलेलीं वेंचावीं. डहाळ्या मोडूं नयेत.

पाऊस पडेपर्यंत हें वन उन्हाशीं झुंजत असतें. त्या कसोटीच्या दिवसांत आपण त्याचे पाहुणे होतों. पाहुण्यानें यजमानाच्या घरचें पाणी संपवूं नये आणि त्याच्या घराला आग लावूं नये, इतकें तर आपल्याकडे मुलांनाहि शिकवावें लागत नाहीं.